तरसांचा डेक

आमच्या टेबलावर डाव सुरू होण्याआधी प्रत्येकाने आपला डेक, म्हणजे आपला पत्त्यांचा गठ्ठा, काय करतो ते सांगायचं असतं. फार नाही, एखादं वाक्य. "माझा आज आगीचा आहे. लवकर पेटतो, लवकर विझतो." "माझा चोरांचा. तुमचेच पत्ते उचलून तुमच्यावर वापरणार आहे. आत्ताच सांगते, नंतर रडायचं नाही." कुणी फार भारी काही काढलं असेल तर बाकीचे आपला डेक बदलून घेतात आणि डाव बरोबरीचा होतो. पैज नसते, बक्षीस नसतं. रविवारची दुपार चांगली जावी, एवढंच.

माझं वाक्य दादा सांगायचा.

"हिचा तोच, झाडांचा," तो म्हणायचा आणि मी मान हलवायचे. मग पत्ते पिसायला सुरुवात.

दादा म्हणजे माझा भाऊ नव्हे. आमच्यात सगळ्यात मोठा, म्हणून सगळे त्याला दादा म्हणतात. खराडीला आयटीत आहे, दाढी राखतो, सगळ्यांसाठी जास्तीचे फासे आणतो, आणि कुणाचा डाव फसला की त्या माणसापेक्षा यालाच जास्त वाईट वाटतं. दुसरी डॉक्टर. दातांची डॉक्टर आहे, पेठेत वाढलेली, आणि तिचं बोलणं म्हणजे भूल न देता काढलेला दात. तिसरा इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. लोणी काळभोरहून मोटारसायकलवर येतो, म्हणून तो लोणीवाला. चौथी मी. मला नाव पडलेलं नव्हतं. "ही" म्हटलं की मी.

आम्ही बसतो कॅम्पातल्या एका बेकरीच्या माळ्यावर. मालकाची अट एकच: खालून चहा आणि काहीतरी खायला घ्यायचं. त्यावरून आमचा नियम झाला. जो पहिला बाद होईल त्याने खाली जाऊन चहा सांगायचा आणि ट्रे घेऊन वर यायचं. बाकीचे खेळत राहतात, बाद झालेल्याला तेवढंच काम. बहुतेक वेळा लोणीवाला जायचा. "हा जिना आता माझ्या नावावर करून टाका," असं पुटपुटत उतरायचा. कधी डॉक्टर जायची, आणि मग चहाबरोबर न सांगितलेली क्रीमरोलं यायची. दादासुद्धा गेलेला आहे. मी कधीच गेले नव्हते, आणि ही गोष्ट माझ्या लक्षात यायलाच कितीतरी रविवार गेले.

खेळ समजायला अवघड नाही. चौघे चार बाजूंना बसतात. प्रत्येकाकडे स्वतः रचलेला शंभरएक पत्त्यांचा डेक असतो. त्यात एक म्होरक्या. तो पहिल्यापासून सगळ्यांसमोर उघडा ठेवायचा, बाकीचे पत्ते पिसून आधी सात आणि मग एकेक करून हातात येतात. आपल्या पाळीला सैनिक उतरवायचे आणि वाटलं तर तिघांपैकी कुणावर तरी हल्ला करायचा. कुणावर, ते मोठ्याने सांगायचं. प्रत्येकाला ठरावीक जीव असतात, ते फाशावर मोजायचे; ज्याचे जीव संपले तो बाद. शेवटी उरेल तो जिंकला.

माझी म्होरकी एक म्हातारी होती. केसांच्या जागी पारंब्या. तिच्या डेकमध्ये सगळी झाडं, वेली, काटेरी कुंपणं, आणि दगडी भिंती. ती कुणाला मारत नाही, हळूहळू वाढते, जीव भरून काढते. या मंडळींत येण्याचं ठरवल्यापासून प्रत्यक्ष येईपर्यंत माझा एक अख्खा पावसाळा गेला होता. अशा माणसाने हाच डेक रचावा यात नवल नव्हतं. ऑफिसच्या मीटिंगमध्येही माझा कॅमेरा बंदच असतो.

मग एका रविवारी हे घडलं. लोणीवाल्याची पाळी होती. त्याच्याकडे दोन मोठे रेडे तयार होते आणि माझ्यासमोर त्या वेळी एकही भिंत नव्हती. त्याने माझ्याकडे बघितलं, मग दादाकडे वळून विचारलं, "हिच्यावर करू का?"

"राहू दे रे," दादा म्हणाला. "ती काही करत नाही."

अगदी मायेने म्हणाला. लोणीवाल्याने रेडे डॉक्टरवर सोडले. डॉक्टरने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या हातातल्या पत्त्यांकडे पाहिलं. त्या डावात माझा दुसरा नंबर आला. नेहमी दुसराच यायचा, कारण मला मारायची आठवण सगळ्यात शेवटी व्हायची.

घरी येताना बंडगार्डनच्या पुलावर सिग्नल नसतानाही मी स्कूटर इतकी हळू चालवत होते की मागचा रिक्षावाला ओरडला. मी ठरवत होते. ती काही करत नाही, हे वाक्य मला टेबलावरून काढायचं होतं.

पहिला उपाय सुचला तो चुकीचा होता. मला वाटलं, माझा डेक दुबळा आहे म्हणून मला सोडतात.

आमच्या घरात पत्ते हा शब्दच वाईट. आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हा घरातले देव आणि पत्त्यांचा कॅट एकाच दिवशी बाहेर गेले, असं बाबा सांगतात. येरवड्यात आमच्या घरामागे पिंपळाखाली पैसे लावून खेळायला बसणारे आजही आहेत. बाबा त्या बाजूने जाताना मान वळवतात. मी हे पत्ते पहिल्यांदा आणले तेव्हा त्यांनी एक हातात घेऊन उलटसुलट पाहिला. ना बदाम, ना इस्पिक, नुसती चित्रं आणि बारीक अक्षरं. "जुगार नाही ना?" "नाही, बाबा." तेव्हापासून ते त्यांना 'तुझी ती चित्रं' म्हणतात. मीही घरात पत्ते म्हणत नाही.

तर ती चित्रं मी पलंगावर मांडली. डेक रचताना पत्ते घालणं सोपं असतं, काढणं अवघड. प्रत्येक पत्ता कधीतरी आपल्या कामी आलेला असतो. मी झाडं कमी केली आणि जड, महागडे, शेवटी उपयोगी पडणारे पत्ते घातले. त्यातला एक फार आवडला. आपण जितके जीव साठवले असतील तितका मार तिघांनाही एकदम बसतो. कुणाचं नाव घ्यावं लागत नाही, पत्ता नुसता टेबलावर ठेवायचा. मी खूश होते. डबी तीच, प्लॅस्टिकची तपकिरी कव्हरं तीच, म्होरकी म्हातारी तीच. आतला डेक मात्र नवा.

पुढच्या रविवारी दादाने डबी पाहिली. "हिचा तोच, झाडांचा."

'तोच, पण बदललाय' असं म्हणायचं मी घरून ठरवून गेले होते. मी मान हलवली.

तिघे एकमेकांशी लढले. लोणीवाला चहा सांगून आला. डॉक्टर आणि दादा एकमेकांना रक्तबंबाळ करून बसले. माझी पाळी आली तेव्हा मी तो पत्ता ठेवला. काय झालंय ते वाचायला त्यांना वेळ लागला.

"म्हणजे आम्ही दोघं मेलो?" डॉक्टर म्हणाली.

मी मान हलवली.

"अरे वा! जिंकली की ही!" दादाने टाळ्या वाजवल्या. लोणीवाल्यानेही वाजवल्या. "भारी, भारी." शाळेच्या गॅदरिंगमध्ये एखादी मुलगी कविता विसरते, तरी कशीबशी शेवटपर्यंत म्हणते, तेव्हा वाजतात तशा टाळ्या होत्या त्या.

"आमची भांडणं होईस्तोवर झाडं छतापर्यंत गेली," डॉक्टर म्हणाली. "बघायला हवं होतं कुणीतरी."

खरी गोष्ट पुढच्या डावात झाली. मी नुकतंच सगळ्यांना हरवलं होतं. आता तरी मला आधी मारतील, असं मला वाटलं होतं. कुणी मारलं नाही. "हिचा तोच," दादा म्हणाला, आणि तिघे पुन्हा एकमेकांवर तुटून पडले. जिंकूनसुद्धा मी होते तिथेच होते.

संध्याकाळी आई स्वयंपाकघरात लसूण सोलत बसली होती. आई प्राथमिक शाळेत शिकवते, त्यामुळे तिच्यापासून चेहरा लपवणं अवघड जातं.

"हरलीस?"

"जिंकले."

"मग तोंड का असं?"

मी तिच्यासमोर बसून लसूण सोलायला घेतला आणि सगळं सांगितलं. तिला खेळ कळत नव्हता, पण एवढं कळलं. "म्हणजे बाकीचे तिघं खेळतात आणि तू लिंबूटिंबू."

हा शब्द मला कुणी समजावून सांगायला नको होता. आमच्या गल्लीत लपाछपी खेळताना मी सगळ्यांत लहान होते. लिंबूटिंबूला खेळात घेतात, पळू देतात, पण त्याच्यावर राज्य येत नाही. तो सापडला तरी सापडलेला नसतो. तेव्हा मला ते आवडायचंसुद्धा.

"तुझा मामा असाच होता," आई म्हणाली. "एकदा भर खेळात भोकाड पसरलं त्याने. माझ्यावर पण राज्य द्या म्हणून."

"मग?"

"दिलं. दिवसभर त्याच्यावरच राज्य. संध्याकाळी गुडघे फोडून घरी आला." तिने पाकळ्या वाटीत टाकल्या. "खूश होता पण."

त्या आठवड्यात मी झाडांचा डेक बाजूला ठेवला आणि दुसरा रचायला घेतला. या वेळी किती जिंकेन हा विचार करायचा नाही, असं ठरवलं. दुर्लक्ष करता येणार नाही असा डेक हवा होता.

माळ्यावर आमचं बुटांचं एक जुनं खोकं आहे. कुणाला नको असलेले पत्ते त्यात टाकायचे, ज्याला हवे त्याने न्यायचे. त्यात मला तरसांची राणी सापडली. अंगावर पट्टे, एक कान फाटलेला, मागे टोळी. खाली लिहिलं होतं की हिच्या सैन्याने दर पाळीला हल्ला केलाच पाहिजे. म्हणून तर ती खोक्यात आली होती. हल्ला करून आलेला सैनिक दमलेला असतो, तो आपलं रक्षण करू शकत नाही. दर पाळीला सगळे बाहेर पाठवायचे म्हणजे घर उघडं टाकायचं. शहाणा माणूस हिला म्होरकी करत नाही.

मी तो पत्ता पुन्हा पुन्हा वाचला. मला स्वतःहून जे जमत नव्हतं ते ही सक्तीने करायला लावणार होती. मी तिला पर्समध्ये ठेवलं.

मग रोज ऑफिस संपलं की पलंगावर मांडामांड. तरसं हलकी हवीत, पहिल्या पाळ्यांतच उतरायला हवीत. लांडगे चालतील, कोल्हे चालतील. जे पत्ते माझ्याकडे नव्हते त्यांची चित्रं कागदावर छापून जुन्या पत्त्यांवर ठेवली आणि कव्हरात सरकवली; घरगुती खेळात ते चालतं. पहिले सात पत्ते हातात घ्यायचे, हल्ला लवकर करता येतो का पाहायचं, नसेल तर काहीतरी जड काढून हलकं घालायचं, पुन्हा पिसायचं. हे काम मला आवडतं. कुणी बघत नसताना मी फार निर्दय असते.

फक्त भिंतींच्या बाबतीत नाही. काढलेल्या पत्त्यांच्या गठ्ठ्यातून एखादी दगडी भिंत कशी कोण जाणे परत डेकमध्ये यायची. एकच असू दे, अडीअडचणीला. मग वाटायचं, एक आहे तर दोन काय वाईट. शेवटी मी सगळ्या भिंती, कुंपणं आणि जीव भरून काढणारे पत्ते एका स्टीलच्या डब्यात घातले आणि आईला दिले.

"हे तुझ्या कपाटात ठेव. मी मागितले तरी देऊ नकोस."

"दागिने का हे?" आईने झाकण उघडून पाहिलं. "दगड आहेत की नुसते." पण ठेवले.

शनिवारी मी तिला खेळायला बसवलं. झाडांचा डेक तिला दिला, त्यापुरता डबा परत उघडला, आणि तिला आधी नियम सांगितले. बाबा पलीकडच्या खुर्चीत पेपर वाचत होते. आईने म्हातारीसमोर झाडं लावली, कुंपण घातलं आणि हात बांधून बसली.

"आता?"

"आता माझी पाळी. मला हल्ला करावाच लागतो."

"कर की."

मी तरस पुढे सरकवलं आणि थांबले. तिने मुकाट्याने झाडं लावली होती, कुणाच्या अध्यात नाही मध्यात नाही, आणि त्यात ती माझी आई. मला तिच्यावर हल्ला करवेना. तिच्या जागी मी बसलेली असते तेव्हा दादाला काय दिसतं ते मला तेव्हा दिसलं. त्यात अपमान नव्हता. माझ्यावर हल्ला करणं त्याला बरं दिसलं नसतं, एवढंच.

"काय झालं? मी कोण लागून गेले?" आई म्हणाली. "मार ना."

मी मारलं. मग पुन्हा मारलं. आई हळूहळू पेटली. शाळेत दोन मुलं एकाच वेळी बोलायला लागली की ती जशी बघते तसं टेबलाकडे बघायला लागली. एका पाळीला मी विचार करत थांबले होते तेव्हा पेपरच्या मागून आवाज आला.

"तिच्याकडे आता भिंत नाहीये."

आम्ही दोघींनी तिकडे पाहिलं. पेपर हलला नाही.

"अहो, तुम्ही कुणाच्या बाजूने?" आई म्हणाली.

"मी पेपर वाचतोय."

आई हरली. तिने तिची झाडं गोळा केली, भिंती वेगळ्या काढून डब्यात भरल्या आणि डबा कपाटात ठेवून किल्ली फिरवली.

आता वाक्य राहिलं होतं. मी लाल रंगाची नवी कव्हरं आणली होती. लाल दिसलं की दादाच विचारेल, हा नवा का, आणि मी मान हलवली की झालं, असा माझा बेत होता. थोडे पत्ते लाल कव्हरांत घालूनही झाले. मग मी थांबले. म्हणजे आता दादाऐवजी कव्हरं बोलणार. मी ते पत्ते बाहेर काढले आणि पुन्हा तपकिरी कव्हरांत घातले, त्याच जुन्या डबीत. आता मी तोंड उघडलं नाही तर कुणाला काहीच कळणार नव्हतं.

आरशासमोर म्हणून पाहिलं. आधी इंग्रजीत, कारण लोकांसमोर उभं राहून बोलायचं ते इंग्रजीत, ही शाळेची सवय. 'माय डेक इज अ व्हेरी अग्रेसिव्ह डेक.' स्टेजवर उभी असल्यासारखं वाटलं, पुढे 'थँक्यू' म्हणून वाकायचंच बाकी. मग मराठीत म्हटलं. मराठीत ते छोटं झालं. छोटं बरं होतं.

रविवारी माळ्यावर पंखा नेहमीसारखा कुरकुरत होता. डॉक्टर म्हणाली, "माझा चोरांचा. ओळख करून द्यायची गरज नाही." लोणीवाला म्हणाला, "माझे रेडे. आज खुराक वाढवलाय." दादाने आपल्या आगीचं सांगितलं आणि माझ्या डबीकडे पाहिलं.

"आणि हिचा तोच..."

"नाही."

माझा आवाज अपेक्षेपेक्षा मोठा आला. दादा थांबला.

"मी सांगते. तरसांचा आहे. दर पाळीला हल्ला करावाच लागतो. कुणावर तरी करणारच." इथपर्यंत मी पाठ केलं होतं. पुढचं आपोआप आलं. "आणि मला सोडून देऊ नका."

डॉक्टरने हात पुढे केला.

"सोडतंय कोण," डॉक्टर म्हणाली. "दाखव बघू म्होरकी. अगं, ही तर मी टाकली होती खोक्यात! असल्या बाईला घरी कोण ठेवणार."

"तरसं हायत व्हय!" लोणीवाला पुढे वाकला. तो खूश झाला की घरचं बोलतो. "आमच्याकडं रानात हाय एक. रात्री असलं हसतं ना."

खेळ सुरू झाला. दुसऱ्या पाळीलाच माझ्याकडे तरस होतं. मी ते उचलून दादाच्या दिशेने जरासं सरकवलं.

"कुणावर?" डॉक्टरने विचारलं. "तोंडाने सांगायचं असतं."

"अगं दाखवलंय ना तिने," दादा म्हणाला. "कळलं मला."

"तुला कळलं. मला नाही. तिला तोंड नाहीये का?"

"दादावर," मी म्हणाले.

"माझ्यावर?" त्याने खरंच छातीवर हात ठेवला. "मी काय केलं?"

"काही नाही केलं. म्हणूनच."

लोणीवाला इतका हसला की त्याचे पत्ते सांडले. दादाही हसला, फाशावर आपले जीव कमी केले, आणि त्याची पाळी आल्यावर त्याने हल्ला केला तो डॉक्टरवर. माझ्यासमोर कुणी नव्हतं, एकुलतं एक तरस दमून आडवं पडलेलं होतं, तरी डॉक्टरवर. सवय.

मी पुढच्या पाळीला दोन तरसं पाठवली. "दादावर." त्याच्या पुढच्या पाळीला त्याने आग पुन्हा डॉक्टरवरच टाकली, जरा विचार करून. मी चार पाठवली. "दादावर." हातात आलेले पत्ते बघायचीही गरज वाटत नव्हती, ते कसे येतील हे मला माहीत होतं, मीच रचले होते. दादाच्या फाशावरचा आकडा बराच खाली आला होता. तो पहिल्यांदाच माझ्या बाजूची प्रत्येक गोष्ट नीट वाचायला लागला. राणीचा पत्ता उचलून हातात घेतला. खालची बारीक अक्षरं ओठ हलवत वाचली.

"हिला असंच सोडलं तर पुढच्या पाळीला मी गेलो," तो म्हणाला, स्वतःशीच.

"हे तुला आत्ता कळतंय," डॉक्टर म्हणाली.

दादाने आपले सगळे सैनिक उभे केले. मग माझ्याकडे बघितलं. "सॉरी हं, पण..."

"सॉरी कशाला? लोणीवाल्याला म्हणतोस का कधी सॉरी?"

"मला तर शिव्या देतो," लोणीवाला म्हणाला.

दादाने दाढी खाजवली. "बरं," तो म्हणाला. "तुझ्यावर. सगळे."

माझ्याकडे अडवायला कुणीच नव्हतं. भिंती आईच्या कपाटात होत्या. आगीने बरेचसे जीव गेले. लगेच डॉक्टरने माझीच दोन तरसं चोरून माझ्यावर सोडली, आणि उरलेसुरले जीव संपवायला लोणीवाल्याचा एक रेडा पुरला. त्याने विचारलं नाही, करू का म्हणून. दादाकडे बघितलंही नाही.

"बाद!" तो ओरडला, आणि मग त्याच्या लक्षात आलं. तो खुर्चीत मागे रेलला, पाय लांब केले. "जा. चहा सांग. माझ्या नावावरचा जिना हाय, जपून उतर."

मी माझे पत्ते गोळा केले, डबीत घातले आणि उठले. वर डाव चालूच राहिला. दादा आधीच डॉक्टरशी वाद घालत होता की चोरलेली तरसं आता कुणाची.

जिना अरुंद आहे, खालच्या वळणावर बटरचा वास येतो. काउंटरवरच्या काकांनी माझ्या मागे कुणी येतंय का ते पाहिलं.

"आज तुम्ही? तो नेहमीचा मुलगा आला नाही?"

"आलाय. मी पहिली बाद झाले."

"अच्छा," ते म्हणाले, जणू यात विशेष काही नाही, आणि कप मांडायला लागले. मी उभी राहून डेकचा विचार करत होते. दोन जड लांडगे काढायचे, त्या जागी दोन हलके कोल्हे. म्हणजे एक पाळी आधी सगळी टोळी निघेल आणि दादाला विचार करायला वेळ मिळणार नाही. एखादी भिंत? नाही. आणि पुढच्या डावात पहिल्यांदा डॉक्टरवर जायचं, तिची चोरी सुरू व्हायच्या आत.

"आणखी काय देऊ?"

"चार पॅटिस. व्हेज."

वरून डॉक्टरचा आवाज जिन्यातून खाली आला, "ए, माझा बिनसाखरेचा!"

मी तिचे कितीतरी चहा पाहिले होते.

"माहितेय!" मी खालून ओरडले. काकांनी चमकून वर पाहिलं. मी ट्रे उचलला आणि चहा सांडू न देता चढायला लागले.